कॉर्डलेसचा सहा नंबरी गोंधळ आणि बाकीची पत्रं

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की घरात लँडलाइन ठेवलीच आहे तर कॉर्डलेस घ्या, पण खोक्यावर ‘डेक्ट’ (इंग्रजीत डी-ई-सी-टी, बिनतारी फोनचा एक डिजिटल स्टँडर्ड) लिहिलेलाच घ्या. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेल आले की बायको म्हणाली, आता अख्खं पान त्याच्यावरच काढ. म्हणून यावेळी मिक्सर, इन्व्हर्टर, गीझर सगळे पुढच्या अंकात. ज्यांना वाटतं की मोबाइलच्या काळात कॉर्डलेस वापरतं कोण, त्यांनी एकदा मोठ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर नाहीतर हॉस्पिटलच्या नर्सिंग स्टेशनवर नजर टाकावी. मी स्वतः बरीच वर्षं ऑफिसांत आणि हॉटेलांत इंटरकॉम बसवायचं काम केलंय, त्यामुळे या विषयावर माझं तोंड जरा जास्त चालतं, सांभाळून घ्या.

प्रश्न : सर, माझ्या मेहुण्याने न्यू जर्सीहून येताना दोन हँडसेटवाला कॉर्डलेस आणलाय, खोक्यावर ‘डेक्ट ६.०’ असं लिहिलंय. इथल्या दुकानदाराकडे साधा ‘डेक्ट’ आहे, मग आमचा सहा नंबरचा म्हणजे जास्त ॲडव्हान्स ना? आणि इथे लावला तर चालेल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पहिली गोष्ट, अजून लावला नसेल तर ॲडॅप्टर प्लगात घालू नका. त्याच्यावर बारीक अक्षरात इनपुट किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉर्डलेसचे ॲडॅप्टर फक्त १२० व्होल्टचे असतात आणि आपल्या २३० व्होल्टवर लावले की दोन मिनिटांत वास येतो आणि मग मेहुण्याला काय सांगायचं हा वेगळाच प्रश्न उभा राहतो.

आता त्या सहाबद्दल. ते सहा गिगाहर्ट्झ नाही, सहावी आवृत्तीही नाही, ते निव्वळ मार्केटिंग आहे. झालं असं की अमेरिकेत आधी ९०० मेगाहर्ट्झचे कॉर्डलेस होते, मग २.४ गिगाहर्ट्झचे आले, मग ५.८ चे, आणि गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं बसलं की आकडा मोठा तेवढा फोन भारी. २००५ मध्ये तिथल्या एफसीसीने, म्हणजे रेडिओलहरींचे नियम ठरवणाऱ्या सरकारी खात्याने, नियम बदलले आणि डेक्टला वाट मोकळी झाली, पण डेक्ट चालतो १.९ गिगाहर्ट्झवर! आता ५.८ वाला फोन वापरणाऱ्याला १.९ वाला नवीन म्हणून कोण विकणार? म्हणून नाव दिलं डेक्ट ६.०, पाच पॉइंट आठच्या एक पायरी वर. मला तर हे साडीच्या सेलवरच्या ‘महासेल’सारखंच वाटतं, आतमध्ये तीच साडी.

पण एक फरक मात्र खरा आहे आणि तोच तुमच्या कामाचा आहे. मूळ डेक्ट युरोपचा. १९९२ मध्ये एट्सी नावाच्या युरोपियन संस्थेने, तिचं ऑफिस फ्रान्समध्ये सोफिया अँतिपोलिसला आहे, तो स्टँडर्ड म्हणून काढला, आणि त्याला १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ असा २० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला. तेव्हा नावातल्या ‘ई’चा अर्थ ‘युरोपियन’ होता, पुढे जगभर पसरल्यावर तोच ‘ई’ ‘एन्हान्स्ड’ झाला, अक्षर तेच ठेवून अर्थ बदलला, हे मला फार आवडतं. अमेरिकेत मात्र १८८०-१९०० हा पट्टा मोबाइल कंपन्यांकडे आधीच गेलेला, म्हणून तिथल्या डेक्टला १९२० ते १९३० एवढी १० मेगाहर्ट्झची जागा मिळाली. आणि १९२० पासून वरचा भाग आपल्यासकट जगात बऱ्याच ठिकाणी मोबाइलच्या २१०० बँडसाठी ठेवलेला आहे, मोबाइलकडून टॉवरकडे सिग्नल जायची ती वाट. म्हणजे तुमचा फोन इथे चालेल का, तर चालेल, हँडसेट आणि बेस (लाइन जोडलेला डबा) एकमेकांशी छान बोलतील, पण बोलताना टॉवरच्या कानात किरकिर करत बसतील, आणि दुसऱ्याच्या लायसन्सच्या पट्ट्यात असं शिरणं बेकायदा आहे. जर्मनीतसुद्धा सुट्टीहून येताना अमेरिकन कॉर्डलेस आणणाऱ्यांना तिथलं सरकारी खातं हेच बजावतं.

तेव्हा मेहुण्याला आवडला म्हणून सांगा आणि परत जाताना त्याच्याच बॅगेत घाला. इथे दुकानातला साधा, बिनआकड्याचा डेक्ट घ्या.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या पुस्तकात डेक्टबद्दल ‘टीडीएमए-टीडीडी’ एवढं लिहून सोडून दिलंय. एकाच फ्रिक्वेन्सीवर दोघं बोलतात आणि ऐकतात, तेही एकाच वेळी, हे कसं? — एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : तू चिपळूणची आहेस म्हणजे माझं अर्धं काम झालं. कोकण रेल्वेने जाताना गाडी मधेच एखाद्या स्टेशनात वीस मिनिटं थांबते, समोरून दुसरी गाडी धडधडत निघून जाते, मग आपली सुटते. रूळ एकच, जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही गाड्या त्यावरूनच, फक्त वेळ वेगळी. टीडीडी म्हणजे हेच. साध्या जीएसएम मोबाइलमध्ये डबल लाइन असते, जायची फ्रिक्वेन्सी वेगळी आणि यायची वेगळी. डेक्टमध्ये सिंगल लाइन.

फक्त इथल्या क्रॉसिंगला वीस मिनिटं लागत नाहीत. एका सेकंदाचे १०० तुकडे कर, म्हणजे एक तुकडा १० मिलिसेकंदाचा, त्याला फ्रेम म्हणतात. त्या फ्रेमचे परत २४ स्लॉट म्हणजे वेळेचे कप्पे कर, वेळ अशी वाटून घेणं म्हणजे टीडीएमए. पहिले १२ स्लॉट बेस बोलतो, पुढचे १२ स्लॉट हँडसेट बोलतात. तुझ्या कॉलला जर तिसरा स्लॉट मिळाला असेल तर बेस तिसऱ्यात तुला आवाज पाठवतो आणि बरोबर ५ मिलिसेकंदांनी पंधराव्या स्लॉटमध्ये तुझा आवाज परत जातो. एक स्लॉट सुमारे ४१७ मायक्रोसेकंदांचा, बाकी वेळ तुझा हँडसेट रेडिओच्या दृष्टीने गप्प बसलेला असतो.

आता वही घे आणि हे करून बघ, पुस्तकात नसेल तर मजा येईल. एका स्लॉटमध्ये ४८० बिटांची जागा. त्यातले ३२० बिट खऱ्या आवाजाचे, ६४ बिट कंट्रोलचे म्हणजे कोण बोलतंय, कुठल्या बेसचं आहे वगैरे, सुरुवातीला ३२ बिट नुसते ताल जुळवायला, शेवटी थोडे तपासणीचे, आणि मग पन्नासेक बिटांची मोकळी जागा ठेवलेली, म्हणजे एकाची शेपटी दुसऱ्याच्या डोक्यावर आदळू नये. ३२० गुणिले सेकंदाला १०० फ्रेम, आले ३२,००० बिट. आवाजाचा कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करायचा प्रकार, कुठला? ३२ किलोबिटचा एडीपीसीएम. बसलं ना बरोबर? आणि ४८० गुणिले २४ गुणिले १०० केलंस की ११,५२,०००, म्हणजे १.१५२ मेगाबिट, हाच डेक्टचा हवेतला स्पीड. स्टँडर्ड लिहिणाऱ्यांनी हे आकडे हवेतून काढलेले नाहीत, सगळे एकात एक अडकवलेत, पुरणपोळी करताना कणीक आणि पुरण बरोबर सरतं ना तसं.

युरोपच्या पट्ट्यात असे १० वाहक, म्हणजे वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी, आहेत, दोघांमध्ये १.७२८ मेगाहर्ट्झचं अंतर. दहा वाहक गुणिले बारा जोड्या म्हणजे १२० बोलण्याच्या वाटा. घरातल्या बेसला या सगळ्या वापरता येत नाहीत कारण त्यात रेडिओ एकच असतो, तो एका क्षणी एकाच वाहकावर असतो. पण १२० चा उपयोग होतो तो असा की तुमच्या बिल्डिंगमध्ये वीस घरांत वीस डेक्ट असले तरी एकमेकांच्या पायात येत नाहीत.

आणि माझ्या मते डेक्टमधली खरी हुशारी इथे आहे. कुठली वाट कोणी घ्यायची हे कोणी ठरवून देत नाही. मोबाइल नेटवर्कमध्ये इंजिनिअर नकाशे काढून बसतात, या टॉवरला ही फ्रिक्वेन्सी, त्याला ती. डेक्टमध्ये हँडसेट स्वतः सगळ्या वाटांवर कान लावून बसतो, कुठे सगळ्यात शांत आहे ते टिपून ठेवतो आणि कॉल लागला की तिथे शिरतो. बोलता बोलता कोणी शेजारी तिथे घुसला तर दुसरी शांत वाट पकडून, आधी ती जोडून मगच पहिली सोडतो. आम्ही एका हॉटेलात तीन बेस लावले होते, तळमजला, दुसरा मजला आणि टेरेस, मॅनेजर हँडसेट कानाला लावून जिन्याने चढत गेला आणि वर पोचून म्हणाला, अजून टेस्टिंग सुरू केलं नाही का? त्याला कळलंच नाही की मधे दोनदा बेस बदलला. लिफ्टमध्ये मात्र कॉल तुटायचा, लोखंडी डब्यापुढे स्टँडर्डचं काही चालत नाही.

प्रश्न : वायफाय लावल्यापासून कॉर्डलेसवर खरखर येते, किंवा कॉर्डलेसमुळे वायफाय स्लो होतं, नक्की काय ते कळत नाही. — नाशिकरोड

उत्तर : फोनच्या बुडाशी असलेलं स्टिकर बघा. २.४ गिगाहर्ट्झ लिहिलं असेल तर तो डेक्ट नाही आणि तो, तुमचा वायफाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन असे तिघं एकाच खोलीत भांडतायत. राउटर ५ गिगाहर्ट्झवर टाका किंवा फोन बदला. डेक्ट असेल तर तो १.९ च्या आसपास असतो, वायफायशी त्याचा काही संबंध नाही, मग खरखर लाइनची असेल. साधा वायरवाला फोन लावून बघा, त्यावरही येत असेल तर कॉर्डलेस निर्दोष. मात्र डेक्टचा बेस राउटरच्या डोक्यावर ठेवू नका, फ्रिक्वेन्सी वेगळी असली तरी दोन ट्रान्समीटर गालाला गाल लावून बसवायची काय गरज.

प्रश्न : हँडसेटचे सेल गेले म्हणून मुलाने घड्याळातले नवीन पेन्सिल सेल टाकले. आता हँडसेट गरम होतो. — एक गृहिणी, अकोला

उत्तर : ताई, हे वाचताय तोवर सेल काढलेले असू देत. कॉर्डलेसमध्ये रिचार्जेबल सेलच लागतात, निकेल मेटल हायड्राइडचे, १.२ व्होल्टचे, बहुतेक वेळा ट्रिपल ए साइझचे म्हणजे रिमोटमध्ये लागतात तसे बारीक. साधा सेल त्याच साइझचा असतो म्हणून बसतो, पण हँडसेट बेसवर ठेवला की बेस त्याला चार्ज करायला लागतो आणि साधा सेल चार्ज व्हायला बनलेलाच नाही, तो गळतो नाहीतर फुटतो. दोन्ही सेल एकदम बदला, एकाच कंपनीचे, आणि जुन्यांवर जेवढे एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो तो आकडा) लिहिले होते त्याच्या जवळपासचे घ्या. दुकानदार म्हणेल हे दोन हजारवाले टाका, तीन-चार पट चालतील. त्या बेसचा चार्जर बिचारा ५५० किंवा ७५० साठी बनवलेला असतो, तो दोन हजारवाला भरत बसेल दोन दिवस.

प्रश्न : नव्वदच्या दशकात आमच्या शेजाऱ्यांचा कॉर्डलेस होता, लांब अँटेनावाला, आणि त्यांचं बोलणं आमच्या रेडिओवर यायचं. त्यांच्या मुलीचं लग्न ठरतंय हे आम्हाला त्यांच्या आधी कळलं! आता माझ्या डेक्टवरचं बोलणं असं कोणी ऐकू शकेल का? — निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, तुमचा किस्सा वाचून मनापासून हसलो. ते जुने फोन ॲनालॉग, बरेचसे ४६ आणि ४९ मेगाहर्ट्झवर चालणारे, आवाज जसाच्या तसा एफएमवर हवेत सोडलेला. ज्याच्याकडे त्या पट्ट्यावर जाणारा रेडिओ, त्याला सगळं फुकट.

डेक्टमध्ये आवाज आकड्यांत जातो, तुकडे तुकडे होऊन, त्यामुळे साध्या रेडिओवर नुसती गुरगुर येईल. शिवाय स्टँडर्डमध्ये ओळख पटवायची एक पद्धत आणि आवाज कुलूपबंद करायची (एन्क्रिप्शन) दुसरी, अशा दोन गोष्टी पहिल्यापासून आहेत. पण त्यात दोन भानगडी होत्या आणि त्या झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही. एक म्हणजे ही पद्धत नक्की कशी चालते हे गुप्त ठेवलेलं होतं, कंपन्यांनी करार केला तरच कागद मिळायचे. गुप्त आहे म्हणून सुरक्षित, असं समजून सगळे बसले. दुसरी म्हणजे कुलूप लावणं सक्तीचं नव्हतं, त्यामुळे बऱ्याच फोनांत कुलूप होतं पण लावलेलंच नव्हतं.

२००८ च्या डिसेंबरात बर्लिनला हॅकर लोकांचं मोठं संमेलन भरतं तिथे काही संशोधकांनी उभं राहून दाखवून दिलं की लॅपटॉपमध्ये घालायच्या एका स्वस्तातल्या डेक्ट कार्डावर कुलूप न लावलेले कॉल सरळ ऐकता येतात. आणि कुलूप लावलेले असतील तर? तर तेच कार्ड बेस असल्याचं सोंग घेतं आणि हँडसेटला सांगतं, अरे आपल्याकडे कुलूप नाही, तसाच बोल. आणि हँडसेट ऐकतो! कारण हँडसेटने बेसला आपली ओळख पटवायची एवढंच बघितलं होतं, बेसनेही हँडसेटला ओळख दाखवायला हवी हा नियम बऱ्याच फोनांत पाळलेलाच नव्हता. कुरिअरवाला आपलं आधार बघतो, आपण त्याचं ओळखपत्र मागत नाही, त्यातलाच प्रकार. त्यानंतर दोनेक वर्षांत त्या कुलपाचा आतला अल्गोरिदमही संशोधकांनी उकलून त्याच्या उणिवा छापल्या.

त्या फजितीनंतर स्टँडर्ड सुधारला, कॉल चालू असताना मधेच किल्ली बदलत राहायची सोय आली, एईएस नावाच्या भक्कम कुलपावर आधारलेली नवी पद्धत आली, ही तीच जात जी बँकांच्या व्यवहारात वापरतात. पण स्टँडर्डमध्ये आली म्हणजे तुमच्या दहा वर्षांपूर्वीच्या फोनात आली असं नाही, त्यात अपडेट बिपडेट काही नसतं.

तुम्ही काय करायचं? बेसचा पिन अजून ०००० असेल तर बदला, आणि हँडसेट बेसशी नव्याने जोडायचा म्हणजे रजिस्टर करायचा असेल तर फाटकात उभं राहून नको, घरात करा, कारण दोघांमधली किल्ली त्याच वेळी ठरते. बाकी खरं सांगू का, साताऱ्यात तुमच्या घरासमोर लॅपटॉप घेऊन कोणी बसला तर तुम्हालाच आधी दिसेल. घराबाहेर उघड्यावर डेक्टची रेंज जास्तीत जास्त ३०० मीटरच्या आसपास आणि भिंतीतून साधारण ५०, तेवढ्यात त्याला यावं लागेल. ओटीपी आणि एटीएमचा नंबर मात्र कुठल्याच फोनवर कोणाला सांगू नका, तिथे कुलपाचा काही उपयोग नाही.

प्रश्न : माझी जाऊ म्हणते, कॉर्डलेसचा बेस चोवीस तास रेडिएशन सोडतो, म्हणून तिने तो देवघराच्या मागे नेऊन ठेवलाय आणि आता वरच्या खोलीत रेंज येत नाही. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या जाऊबाई अर्ध्या बरोबर आहेत. डेक्टचा बेस कोणी बोलत नसतानाही गप्प नसतो, तो दर फ्रेममध्ये एका स्लॉटपुरता ‘मी इथे आहे’ असा पुकारा करत असतो, नाहीतर हँडसेटला ताल कसा धरता येणार. पण किती? स्लॉटच्या वेळी २५० मिलिवॉट, आणि २४ पैकी एकच स्लॉट, म्हणजे सरासरी साधारण १० मिलिवॉट. जुना ९०० बँडचा जीएसएम मोबाइल सिग्नल कमी असताना २ वॉटपर्यंत जायचा, आठातला एक स्लॉट धरला तरी सरासरी २५० मिलिवॉट, आणि तो तर कानाला चिकटलेला. आता तुम्हीच ठरवा देवघराच्या मागे काय ठेवायचं.

तरी मनाचं समाधान हवं असेल तर मेनूत ‘इको’ असं काही आहे का बघा. काही फोनांत हँडसेट बेसवर ठेवला की पुकारा कमी होतो, काहींत सगळे हँडसेट तयारीत असले की पूर्ण बंद होतो आणि कॉल आला की बेस जागा होतो. त्यात कॉल लागायला थोडा उशीर आणि हँडसेटचे सेल जरा लवकर संपतात, कारण आता कान देऊन बसायचं काम हँडसेटचं. बेस उशापासून दोन हात लांब, घराच्या मधोमध, जमिनीपासून वर, फ्रिज आणि लोखंडी कपाटापासून दूर, एवढं केलंत की वरच्या खोलीत रेंजही येईल.

प्रश्न : एका कंपनीचा बेस आहे, दुसऱ्या कंपनीचा हँडसेट मिळाला. जोडता येईल? — लातूर

उत्तर : दोन्हीवर ‘गॅप’ असं लिहिलं असेल तर येईल. तो डेक्टमधलाच एक किमान करार आहे, कॉल घेणं, करणं, बेसला जोडणं एवढं कुठल्याही कंपनीत चाललं पाहिजे असा. फोनबुक, इंटरकॉम, आन्सरिंग मशीन, असल्या चैनी मात्र मिळतीलच असं नाही. त्याच्या पुढची पायरी ‘कॅट-आयक्यू’, त्यात आवाजही रुंद येतो, साध्या फोनमध्ये साडेतीन हजार हर्ट्झच्या आत सगळं दाबलेलं असतं, इथे सात हजारापर्यंत जातो, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ यातला फरक ऐकू येतो. पण समोरच्याकडे आणि मधल्या लाइनवरही तशीच सोय हवी, एकट्याने चांगला फोन घेऊन उपयोग नाही.

प्रश्न : पूर्वी लाइट गेले तरी फोन चालायचा. आता फायबरवर लँडलाइन आली, कॉर्डलेस लावला, आणि लोडशेडिंग सुरू झालं की घरात फोनच नाही. आई ऐंशीची आहे, काळजी वाटते. — एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : हे अगदी महत्त्वाचं विचारलंत. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा करंट यायचा, तिकडे बॅटऱ्यांच्या रांगा आणि जनरेटर, म्हणून गावात अंधार असला तरी तो काळा फोन वाजायचा. फायबर म्हणजे काच, त्यातून वीज येत नाही. आता तुमच्या घरात दोन गोष्टी विजेवर आहेत, एक तो फायबरचा डबा ज्याच्या मागे ‘टेल’ किंवा ‘पॉट्स’ लिहिलेलं छोटं सॉकेट असतं त्यात फोन लागतो, आणि दुसरा कॉर्डलेसचा बेस. हँडसेटमध्ये सेल आहेत म्हणून तो चालू दिसतो, पण बेस मेला की तो स्क्रीनवर ‘बेस शोधतोय’ म्हणत बसतो.

राउटरसाठी जो छोटा यूपीएस मिळतो, बहुतेक १२ व्होल्टचा, तो फायबरच्या डब्याला लावा, मात्र डब्याच्या ॲडॅप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिलंय ते जुळवून घ्या. कॉर्डलेसच्या बेसला तो लावू नका, बेसचा ॲडॅप्टर बहुतेक ५-६ व्होल्टचा असतो. त्याऐवजी त्याच लाइनवर एक साधा वायरवाला फोन आईच्या खाटेजवळ लावा, त्याला वेगळी वीज लागत नाही, लाइनवरच चालतो. माझ्या घरी असंच आहे, हॉलमध्ये डेक्ट आणि आतल्या खोलीत तो जुना बटणांचा. लाइट गेले की सगळे आतल्या खोलीत.

प्रश्न : गावाकडे घरावर अँटेना लावून बिनतारी लँडलाइन मिळायची ती डेक्टच होती का? आपल्याकडे याच्यावर काही काम झालंय की सगळं बाहेरचंच? — एक वाचक, बीड

उत्तर : तुमच्या गावातला कुठला होता ते नुसत्या वर्णनावरून सांगता येणार नाही, कारण त्या बिनतारी लँडलाइनमध्ये सीडीएमए या दुसऱ्या, मोबाइलच्या पद्धतीवाले खूप होते. पण डेक्टवर आपल्याकडे काम झालंय आणि चांगलं झालंय. आयआयटी मद्रासमध्ये प्राध्यापक अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या गटाने, चेन्नईच्या मिडास कंपनीबरोबर, नव्वदच्या दशकात ‘कॉरडेक्ट’ नावाची सिस्टीम बनवली. त्यांचा हिशोब साधा होता, फोनची एक लाइन टाकायला तेव्हा हजारो रुपये खर्च येतो, त्यात मोठा वाटा खड्डे खणून तांबं पुरण्याचा, तांबं महाग होत जाणार आणि इलेक्ट्रॉनिक्स स्वस्त, मग शेवटचा टप्पा हवेतून का नको?

गंमत बघा, डेक्ट बनला घरातल्या पन्नास मीटरसाठी, आणि यांनी तो छपरावर अँटेना लावून, मधे झाड-डोंगर नसेल तर १० किलोमीटरपर्यंत नेला, आणि मधे एक रिले ठेवून २५ किलोमीटरपर्यंत. वर चिपळूणच्या मुलीला सांगितलेली पन्नासेक बिटांची मोकळी जागा आठवते? रेडिओ लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते. दहा किलोमीटर जाऊन परत यायला साठ-सत्तर मायक्रोसेकंद लागतात आणि ती मोकळी जागा आहे पन्नासेक मायक्रोसेकंदांची, म्हणजे लांबच्या घरातला आवाज पुढच्या स्लॉटवर आदळणार. म्हणून लांबच्याने थोडं आधीच बोलायला सुरुवात करायची अशी वेळ जुळवणी त्यांनी केली. लग्नाला लांबचे पाहुणे आदल्या रात्रीच निघतात तसं. आणि फोनवर बोलत असतानाच इंटरनेटही चालायचं, ३५ किलोबिटने, फोन ठेवला की ७० ने. आज हसू येईल, पण तेव्हा डायल-अप लावलं की घरचा फोन एंगेज असायचा. तामिळनाडूतल्या खेड्यांत याच्यावर इंटरनेटची दुकानं चालली. पुढे मोबाइल इतका झपाट्याने स्वस्त झाला की या सगळ्याची वाट बंद झाली.

प्रश्न : पाच वर्षांनी डेक्ट राहील का? नवीन बसवावा का? — एका लॉजचे मालक, महाबळेश्वर

उत्तर : लॉजसाठी बसवा. तुमच्याकडे पावसाळ्यात मोबाइलचं जे होतं ते तुम्हाला माहीत आहेच, स्टाफला आपापसात बोलायला स्वतःचं नेटवर्क हवं. फक्त भिंती दगडी असतील तर आधी एक बेस आणि एक हँडसेट घेऊन सगळ्या खोल्या फिरून बघा आणि मग किती बेस लागतात ते ठरवा, कागदावरच्या ५० मीटरवर जाऊ नका. शंभर वर्षांच्या जांभ्याच्या भिंतीपुढे ते पंधरावर येतात.

आणि डेक्ट नुसता राहिलेला नाही, त्याचं दुसरं बाळंतपणही झालंय. एट्सीने २०२० मध्ये ‘डेक्ट-२०२० एनआर’ नावाचा नवा स्टँडर्ड काढला आणि २०२२ मध्ये आयटीयूने, म्हणजे दूरसंचाराच्या जागतिक संघटनेने, त्याला चक्क फाइव्ह-जीच्या कुटुंबात घेतलं, मोबाइल टॉवर नसलेला फाइव्ह-जी म्हणा. त्यात फोनपेक्षा मीटर, सेन्सर, कारखान्यातली मशीन असल्या गोष्टी जास्त. एक मीटर दुसऱ्याच्या कानात सांगतो, दुसरा तिसऱ्याच्या, असं करत निरोप पोचतो. रेडिओच्या आतली भाषा पूर्ण बदललीय, पण शांत वाट स्वतः शोधायची ही जुनी सवय ठेवलीय. तुमच्या लॉजच्या हँडसेटला याच्याशी काही देणंघेणं नाही, ते जुन्या डेक्टवरच चालतील.

प्रश्न : घरात हँडसेट सापडत नाही, चार दिवस झाले. — परभणी

उत्तर : बेसवर एक बटण असतं, ‘पेज’ किंवा हँडसेटचं चित्र असलेलं, ते दाबलं की हँडसेट वाजतो. चार दिवस म्हणजे सेल मेले असणार, मग तो वाजणार नाही. शेवटचा फोन कोणाला केला होता आणि तेव्हा हातात काय होतं ते आठवा. आमचा एकदा गव्हाच्या डब्यात सापडला होता.